‘स्थलांतरित’ कुणाला म्हणायचं? अमेरिकेतल्या लॅटिनो शेतमजूर कुटुंबांच्या शिक्षण-साहाय्याची पार्श्वभूमी

शेतमजुरांच्या मुलांसाठी अमेरिकेत जो खास शालेय निधी आहे, तो १९६६ सालच्या एका कायदादुरुस्तीतून आला. टेक्सासच्या दक्षिण टोकाला असलेल्या रिओ ग्रांदे खोऱ्यातून मिशिगन, ओहायो, मिनेसोटाकडे बीट, काकडी, चेरीच्या कामाला जाणारी मेक्सिकन वंशाची कुटुंबं मुलांना वसंतातच शाळेतून काढत आणि हंगाम आटोपला की परत आणून बसवत. आदल्या वर्षीचा गरीब मुलांच्या शिक्षणाचा कायदा एका जागी राहणारी मुलं डोळ्यांपुढे ठेवून केलेला, त्यामुळे ही मुलं त्यातून निसटत होती. १९४२ ते १९६४ चा मेक्सिकोशी झालेला मजूर करार त्याहून जुना. पण त्यात पुरुष एकटेच येत, म्हणून मुलांच्या शाळेचा विषयच त्यात नव्हता.

खरी गुंतागुंत आहे ती ‘स्थलांतरित’ या शब्दाची. सुरुवातीच्या काही वर्षांतच असं ठरलं की कुटुंब एका गावी स्थिरावलं, तरी पुढची पाच वर्षं मुलाला मदत मिळत राहावी. १९७४ मध्ये मासेमारी करणाऱ्यांची मुलंही यात आली. मग १९९४ च्या कायद्याने ही मुदत ३६ महिन्यांवर आणली. पैसा थोडा आहे, तो आत्ता फिरतीवर असलेल्या मुलांनाच मिळावा, हे त्यामागचं कारण, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पण दुसरी-तिसरीत चार शाळा बदललेल्या मुलाची वाचनातली कसर तीन वर्षांत भरून निघत नाही. ती सातवी-आठवीत उघडी पडते, आणि तोवर त्याचं नाव यादीतून गेलेलं असतं. मुलाला स्थिर शाळा मिळावी म्हणून ज्या आईबापांनी फिरती सोडली, नेमका त्यांनाच या बदलाचा फटका बसला.

पुढे प्रश्न आला हेतूचा. केवळ गाव बदलून भागत नसे. शेतीचं हंगामी किंवा तात्पुरतं काम मिळवण्यासाठीच ते बदललं, हे मजुरांच्या वस्तीत जाऊन नोंदणी करणाऱ्याला अर्जावर लिहून घ्यावं लागे. बहिणीच्या आधाराने आलो आणि मग कामही मिळालं, असं खरं सांगणारं कुटुंब अडचणीत येई. गोठ्यातलं काम बारमाही, मग तिथल्या गड्याचं काय? २००० नंतरच्या दशकात फेरतपासणी झाली, अनेक राज्यांत नोंदी चुकीच्या ठरल्या आणि २००८ मध्ये नियम आणखी कडक झाले. २०१५ च्या कायद्याने हेतूची अट काढली. आता स्थलांतरानंतर लवकरच असं काम केलेलं असलं की पुरतं.

मोठ्यांच्या रोजगार प्रशिक्षणाची वाट वेगळी. ती १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यातून निघाली आणि १९७३ नंतर कामगार खात्याकडे स्थिरावली. ट्रक चालवणं, वेल्डिंग, रुग्णसेवा असे बारमाही पगाराचे धंदे शिकवायचे, शिकताना रोज बुडतो म्हणून भत्ता द्यायचा. इथे मात्र रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी परतणारा हंगामी मजूरही चालतो. शाळा सुटलेल्यांना हायस्कूल समकक्ष परीक्षेला बसवणारी योजना १९६७ ची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आधार देणारी १९७२ ची. त्यांची मोजपट्टी तिसरीच: गेल्या २४ महिन्यांत घरातल्या कुणीतरी किमान ७५ दिवस शेतकाम केलेलं असावं. तीन प्रकारच्या योजनांत ‘शेतमजूर’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत.

त्यात कागदपत्रांचा प्रश्न. टेक्सासमधल्या एका खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की कागदपत्रं नसलेल्या मुलाला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. प्रशिक्षणासाठी मात्र काम करण्याचा कायदेशीर परवाना लागतो. त्यामुळे एकाच घरात मुलीला उन्हाळी वर्ग मिळतो आणि बापाला वेल्डिंगच्या वर्गाच्या दारातून परत पाठवलं जातं.

या योजना गुंडाळण्याचे प्रस्ताव नवे नाहीत. प्रशिक्षणाचा निधी २००० नंतरच्या दशकात अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात वर्षामागून वर्ष शून्य दाखवला जाई आणि संसद तो परत घाली. १ जुलै २०२५ रोजी शाळांना मिळायचा स्थलांतरित मुलांचा निधी रोखला गेला. देशभर ओरड झाली आणि महिना संपायच्या आत तो सुटला. समकक्ष परीक्षेच्या आणि कॉलेजच्या योजनांचे पैसे त्याच्याबरोबर सुटले नाहीत.