ताशी वीस मैल: ब्रिटनच्या जुन्या लॉऱ्या आणि चालकांच्या आठवणींमागचा काळ

ब्रिटनमधले निवृत्त लॉरीचालक जुन्या दिवसांबद्दल बोलू लागले की सर्वांत आधी वेग निघतो. पोटात दहा-बारा टन माल, पुढे मोकळा रस्ता, आणि तरीही काटा ताशी २० मैलांवर, म्हणजे ३२ किलोमीटरवर. इंजिन कमजोर होतं म्हणून नव्हे, कायदाच तसा होता. रिकाम्या लॉरीचं वजन ३ टनांच्या वर असेल तर २० मैलांची मर्यादा, आत असेल तर ३०. मे १९५७ मध्ये जड गाड्यांनाही ३० मैलांची मुभा मिळाली, तोपर्यंत या एका आकड्यावर सगळा धंदा चालत होता.

हा आकडा लक्षात ठेवला की बाकीच्या आठवणी उलगडतात. लंडन ते मँचेस्टर साधारण २०० मैल. २० च्या वेगाने १० तास. १९३० च्या कायद्याप्रमाणे चालकाला सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि २४ तासांत ११ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे एका बाजूची खेप झाली की दिवस संपला. लंडन ते ग्लासगो ४०० मैल, तिथे तर मधला मुक्काम ठरलेलाच. हमरस्त्यांच्या कडेला चालकांना झोपायला जागा देणारी घरं आणि पहाटेपर्यंत उघडी असणारी चहा-नाश्त्याची हॉटेलं या हिशेबातूनच उभी राहिली. रात्रीच्या लांब फेऱ्यांसाठी दुसरी सोय होती. दोन टोकांकडून दोन गाड्या निघायच्या, मध्यावर चालक गाड्या बदलायचे आणि आपापल्या गावी परतायचे. माल पुढे जायचा, माणूस सकाळी घरी. पगार आणि वेळापत्रकं २० मैलांवर बांधलेली असल्यामुळे वेगमर्यादा वाढवायला कामगार संघटनेचा विरोध होता, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण तासांवर पगार मिळणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ती साधी गोष्ट आहे.

कारखानदारांनीही हा ३ टनांचा उंबरठा ओळखला होता. बेडफर्डची १९३९ ची ओ मालिका ५ टन माल न्यायची आणि स्वतः मात्र ३ टनांच्या आत राहायची. म्हणून तिला ३० मैल चालत. पेट्रोल इंजिन, हलकी चासी, कमी किंमत. तोटाही तिथेच होता: मालक त्यात ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरायचे आणि मग स्प्रिंगची पाटी तुटणं, मागचा आस जाणं, उतारावर ब्रेक कमी पडणं हे ओघाने आलंच. बेडफर्ड हे नाव आपल्याला परकं नाही. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली एसटी बेडफर्डचीच होती.

दुसऱ्या टोकाला होत्या आठ चाकी जड गाड्या: लेलंड ऑक्टोपस, साउथॉलच्या एईसीची मॅमथ मेजर, सँडबॅच गावच्या फोडन आणि ईआरएफ, प्रेस्टनजवळची ॲटकिन्सन. पुढचे दोन्ही आस वळणारे, आणि पॉवर स्टिअरिंग नाही. भरलेली गाडी गोदामाच्या आवारात वळवणं म्हणजे खांद्यांची कसोटी. यातल्या अनेकांच्या पोटात मँचेस्टरशेजारच्या पॅट्रिक्रॉफ्टमधलं गार्डनर इंजिन असायचं. १९३१ मध्ये आलेल्या एलडब्ल्यू मालिकेत सिलिंडरचा व्यास सव्वाचार इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, सहा इंच. सहा सिलिंडरचं ६एलडब्ल्यू ८.४ लिटरचं, पण ताकद सुरुवातीला १०२ अश्वशक्ती, तीही मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर. त्यापुढे फेऱ्यांना आवर घालणारा गव्हर्नर जाऊच द्यायचा नाही. आजच्या चालकाला हे आकडे हास्यास्पद वाटतील. पण कमी फेऱ्यांमुळे झीज कमी, डिझेल कमी आणि बिघाड विरळा. चालकांच्या मनात गार्डनरबद्दल जो आदर आहे, तो ताकदीसाठी नाही. रात्री दोन वाजता ओसाड माळावर ते बंद पडत नसे, यासाठी आहे. १९५८ मध्ये १५० अश्वशक्तीचं ६एलएक्स आलं तेव्हा चढावर फरक पहिल्यांदा ठळक जाणवला.

या इंजिनाला दातखाऊ गिअरबॉक्स जोडलेला असायचा, सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी सोय, नसलेला. डबल क्लच आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांनाही पाठ आहे. तरी गार्डनरची गोष्ट वेगळी. वरचा गिअर टाकताना क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर. मधल्या न्यूट्रलमध्ये थांबायचं असतं, कारण फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकाचे, फेरे सावकाश उतरतात. घाई केली की दात किरकिरतात. जास्त थांबलं की फेरे फारच उतरतात आणि गाडीचा वेगही गेलेला असतो. खालचा गिअर टाकताना उलटं: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ॲक्सिलरेटर दाबायचा, फेरे वाढवायचे, मग गिअर. किती थांबायचं ते काट्यावर नव्हे, कानावर ठरायचं. एका गाडीचा सराव दुसऱ्या गाडीत चालत नसे.

चढावर गिअर हुकला तर गाडी थांबते, निदान तेवढंच होतं. उतारावर हुकला तर इंजिनाचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड जाते, पेडल दाबूनही गाडी धरत नाही. म्हणून ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा, हा नियम घाटात गाडी चालवणाऱ्या आपल्या माणसांना सांगायला नको. तरीही न्यूट्रलवर गाडी सोडून वेळ वाचवणारे तिथेही होते. वेगमर्यादा मोडण्याचा आणि जीव गमावण्याचा रस्ता एकच होता. उत्तर इंग्लंडमधल्या केंडल आणि पेनरिथ या गावांमधला शॅप फेलचा डोंगरी चढ, जवळपास १,४०० फुटांवरून जाणारा ए६ रस्ता, या बाबतीत कुप्रसिद्ध. हिवाळ्यात बर्फ पडलं की गाड्यांची रांग तिथेच रात्र काढायची. १९७० मध्ये त्या भागातला एम६ मोटरवे, म्हणजे द्रुतगती महामार्ग, खुला झाला आणि शॅपचा धाक ओसरला.

थंडीचं म्हणाल तर बहुतेक केबिनना हीटर नव्हता. ॲश लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, पेडलच्या भोकांतून येणारा वारा. भोकं कागदाने बुजवायची, अंगावर लष्करी ओव्हरकोट. १९६२-६३ चा हिवाळा सगळ्यांना आठवतो, कारण तेव्हा डिझेलच गोठलं. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि त्याचे कण आधी टाकीतली जाळी, मग फिल्टर बुजवतात. इंजिन सुरू होतं, दोन मैल जातं आणि उपाशी पडून बंद होतं. उपाय म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, फिल्टर काढून गरम पाण्यात धरायचे. काही जण टाकीखाली पेटत्या चिंध्या धरायचे.

माल भरणं हे वेगळंच काम. सपाट फळीची गाडी, बाजूला आडोसा नाही. सिमेंटचं पोतं एक हंड्रेडवेट, म्हणजे ५०.८ किलो. टनाला २० पोती. १० टन म्हणजे २०० पोती, बऱ्याचदा चालकाच्याच हातांनी. मग ताडपत्री. मागची आधी, पुढची नंतर, म्हणजे पुढचीची कड मागचीवर चढते आणि वारा आत शिरत नाही. कोपऱ्यांच्या घड्या मागे वळवायच्या; पुढे तोंड करून राहिलेली घडी शिडासारखी फुगते आणि ताडपत्री फाटते. त्यावर दोर. दोर मालावरून पलीकडे फेकायचा, छातीच्या उंचीवर त्यात पीळ देऊन फास करायचा, दोराचा दुसरा वळसा त्यातून खाली घेऊन हुकात अडकवायचा आणि मोकळं टोक अंगाच्या भाराने ओढायचं. या गाठीला ते डॉली म्हणतात. कप्पीसारखं काम करून ती ओढ कितीतरी वाढवते आणि सोडताना झटक्यात सुटते, दोरात गाठ उरत नाही. पीळ उलटा पडला तर फास सरकतो. तागासारख्या धाग्याचा दोर भिजला की आखडतो, वाळला की सैलावतो. म्हणून पावसात बांधलेला माल ऊन पडल्यावर तपासायलाच हवा. पहिल्या काही मैलांत माल बसतो, तेव्हा थांबून पुन्हा आवळणं हा शिरस्ता होता.

मागे जोडगाडी असेल तर कायद्याने दुसरा माणूस सक्तीचा. त्याचं मुख्य काम जोडगाडीचा ब्रेक. आपल्या क्लीनरशी त्याचं नातं जवळचं, पण त्याची जागा कायद्यात लिहिलेली होती. ती जागा गेली ती आर्टिक्युलेटेड गाड्यांमुळे, म्हणजे इंजिनाचा पुढचा भाग आणि मालाचा मागचा भाग सांध्याने जोडलेल्या गाड्यांमुळे. १९६४ च्या नियमांनी पाच आसांच्या आर्टिकला ३२ टनांपर्यंत परवानगी दिली आणि तिला दुसरा माणूस लागत नव्हता. हिशेब सरळ होता.

परवान्यांची गोष्ट याहून जुनी. १९३३ च्या कायद्याने ए, बी, सी असे तीन परवाने आणले: भाड्याने दुसऱ्यांचा माल नेणाऱ्याला ए, स्वतःच्या मालाला सी, आणि दोन्ही मर्यादेत करणाऱ्याला बी. १ जानेवारी १९४८ पासून वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण सुरू झालं आणि लांब पल्ल्याच्या कंपन्या ब्रिटिश रोड सर्व्हिसेसमध्ये गेल्या. भाड्याने माल नेणाऱ्या खासगी गाड्यांना आपल्या तळापासून २५ मैलांची हद्द पडली. सी परवान्याला ती नव्हती, त्यामुळे अनेक कारखान्यांनी स्वतःच्या लॉऱ्या ठेवल्या. १९५३ मध्ये पुढच्या सरकारने यातलं बरंच उलटवलं. १९६८ च्या कायद्याने ए-बी-सी पद्धत काढली, रोजचं चालवणं १० तासांवर आणलं, आणि १९७० पासून जड वाहनाचा वेगळा परवाना आला. चालवण्याच्या तासांची हाताने भरायची नोंदवही मात्र टिकली, ती १९८१ च्या अखेरीस टॅकोग्राफ, म्हणजे वेग आणि वेळ आपोआप नोंदवणारं यंत्र, सक्तीचा होईपर्यंत.

तोवर गाड्याही बदलल्या होत्या. १९६७ पासून ब्रिटनमध्ये मिळू लागलेल्या स्वीडनच्या व्होल्व्हो एफ८६ मध्ये सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणि खरोखर गरम करणारा हीटर होता. ज्यांनी वर्षानुवर्षं कागदाने भोकं बुजवली, त्यांना आणखी काही पटवून द्यावं लागलं नाही. एईसीचा साउथॉलचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, वॉटफर्डचा स्कॅमेल हा लॉऱ्यांचाच कारखाना १९८८ मध्ये. फोडनचं नाव २००६ पर्यंत आणि ईआरएफचं २००७ पर्यंत तगलं. लेलंड गावातला कारखाना आजही चालू आहे; तिथून निघणाऱ्या ट्रकवर आता डॅफ या डच कंपनीचं नाव असतं.