मुलामा व लेप दिलेल्या गोळ्या (जुन्या रिव्हॉल्व्हर काडतुसांतील)

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील गोळी सहसा उघड्या शिशाची, करड्या रंगाची असते. ती रुपेरी, तांबूस, काळी वा हिरवी दिसली, तर तो रंग कवचाचा, मुलाम्याचा, लेपाचा की नुसत्या गंजाचा, हे आधी ठरवावे लागते. मुंबईत असे काम कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या (स्था. १९५८) बॅलिस्टिक (शस्त्रे व गोळ्या तपासणाऱ्या) विभागाकडे येते.

कवच : शिशाच्या गाभ्यावर चढवलेला धातूचा जाड थर. तांबे-निकेलचे कवच रुपेरी, तांबे-जस्ताचे तांबूस दिसते. ब्रिटिश ०.३८० रिव्हॉल्व्हरची २०० ग्रेन (सु. १३ ग्रॅ.) वजनाची शिशाची गोळी १९३०च्या दशकाअखेरीस मागे पडून १७८ ग्रेनची (सु. ११.५ ग्रॅ.) कवचबंद गोळी आली. या बदलाचे मूळ १८९९च्या हेग जाहीरनाम्यात शोधले जाते. मात्र त्यात शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांना मनाई असून, उदाहरण दिले आहे ते अपुऱ्या कवचाच्या गोळीचे. उघड्या शिशाचा नामनिर्देश नाही. म्हणून थेट सक्तीपेक्षा संभाव्य आक्षेपाची धास्ती, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या (स्था. १८६९) पुंगळीच्या (गोळी ज्यात बसवलेली असते त्या धातूच्या नळकांड्याच्या) बुडावर ‘केएफ’ अक्षरे असतात, सोबत सालाचे दोन आकडे असल्यास कालनिश्चिती सोपी होते. परंतु ठसा पुंगळीचा असतो, गोळीचा नव्हे.

मुलामा : अमेरिकेतील वेस्टर्न कंपनीचा ‘लुबालॉय’ हा तांब्याच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ, सोनेरी झाक असलेला थर. झाडलेल्या गोळीवर नळीच्या आतील सर्पिल आट्यांनी तो खरवडला जातो व गोळीवर उमटलेल्या चऱ्यांच्या कडेला करडे शिसे उघडे पडते. कवच इतके सहज फाटत नाही.

लेप : नायलॉनचा काळा लेप (‘नायक्लॅड’) १९७०च्या दशकाअखेरचा, बंदिस्त चाँदमारीत शिशाचा धूर कमी व्हावा हा हेतू. त्यामुळे महायुद्धकालीन म्हणून दाखवलेल्या काडतुसात असा लेप आढळल्यास ते पुन्हा भरलेले असण्याचा संशय घ्यावा. ‘केटीडब्ल्यू’ गोळ्यांवरील (१९६०चे दशक) हिरव्या टेफ्लॉनमुळे चिलखत भेदले जाते, हा समज चुकीचा आहे. भेदनशक्ती कठीण धातूच्या गाभ्याची. टेफ्लॉन नळीची झीज कमी करण्यासाठी.

गंज : मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत सर्वाधिक फसगत येथे होते. लाकडी पेटीतून सुटणाऱ्या आम्लवाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते व ती रंगासारखी भासते. भिंगाखाली मात्र तिच्या तळाशी खड्डे दिसतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसाच हिरवा कळक पुंगळीच्या तोंडाशी साचून गोळीवर उतरतो. तो कडेला दाट व टोकाकडे विरळ असतो. टेफ्लॉनचा लेप सर्वत्र सारखा असतो. शिशाची भुकटी विषारी असल्याने बोटाने पुसून पाहू नये.

जिवंत काडतूस पकडीने उघडणे धोक्याचे आहे. घरातील जुन्या सामानात असे काडतूस सापडल्यास पोलीस ठाण्यास कळवावे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना काडतूस बाळगणेही गुन्हा आहे.