क्लस्टरवरच्या पायथन पॅकेजेसचा गुंता कुठून आला?

सामायिक क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या जोडलेल्या यंत्रांच्या समूहावर, नव्याने आलेला संशोधक बहुतेकदा स्वतःच्या कोडमुळे अडत नाही, पॅकेजेसमुळे अडतो. लॉगिन नोडवर (जिथे आपण शिरतो त्या यंत्रावर) व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम रांगेतून कंप्युट नोडवर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रावर) जातो आणि पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे पॅकेज आत घेतानाच, कोसळतो. यात त्याचा दोष फारच थोडा असतो. दोन वेगळ्या रीती इथे समोरासमोर येतात. सॉफ्टवेअर अॅडमिनने एकदा बसवायचं आणि सगळ्यांनी वापरायचं, ही क्लस्टरची रीत. पायथनची साधनं मात्र मशीन आपलंच आहे असं धरून घडत गेली.

क्लस्टरची रीत जुनी आहे. एकाच कंपायलरच्या चार आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून हवी ती निवडता यावी, यासाठी १९९१ मध्ये जॉन फर्लानी यांनी ‘मॉड्यूल्स’ ही पद्धत मांडली. ‘मॉड्यूल लोड’ म्हटलं की पाथसारखी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रॅम कुठे शोधायचा वगैरे सांगणाऱ्या नोंदी) बदलतात, बाकी काही हलत नाही. ही साधी कल्पना आजही टिकून आहे.

पायथनकडे २००३ मध्ये पायपीआय हे पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार आलं, २००७ मध्ये प्रत्येक कामासाठी पॅकेजेसचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून देणारं व्हर्च्युअलएन्व्ह आणि २००८ मध्ये पॅकेजेस बसवणारं पिप. त्याच वर्षी पायथन २.६ ने प्रत्येक युजरच्या होम फोल्डरमध्ये ‘.लोकल’ खाली पॅकेजेस ठेवायची सोय दिली. रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार नसलेल्यांना ही पर्वणीच वाटली, पण माझ्या मते क्लस्टरवरचा सर्वात चिवट त्रास इथूनच सुरू झाला. त्या फोल्डरच्या नावात फक्त ३.९ सारखी आवृत्ती असते. त्यामुळे ३.९ चे दोन वेगळे मॉड्यूल लोड केले, तरी दोन्ही त्याच फोल्डरमध्ये पाहतात, आणि तिथलं जुनं नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) अॅडमिनने बसवलेल्या नमपायच्या आधी उचललं जातं. पायथनसोबत येणारं व्हेन्व्ह (व्हर्च्युअलएन्व्हसारखंच साधन) हे फोल्डर आपणहून वगळतं, कोंडा या दुसऱ्या पॅकेज-साधनाचं एन्व्हायर्नमेंट वगळत नाही. जानेवारी २०२० मधल्या पिप २०.० पासून तर मुख्य फोल्डरमध्ये लिहिता येत नसेल, तर पिप न विचारताच ‘.लोकल’ कडे वळतं. असा जॉब महिनोन्महिने नीट चालतो आणि एक दिवस बिघडतो.

दुसरा प्रश्न पायथनबाहेरच्या लायब्ररींचा. नमपायच्या पोटात सी आणि फोरट्रान आहे, एमपीआय४पाय या पॅकेजला क्लस्टरची एमपीआय (वेगवेगळ्या नोडवरच्या प्रोसेसना आपसात निरोप पाठवू देणारी लायब्ररी) लागते. २०१२ मध्ये आलेल्या कोंडाने या लायब्ररीही पॅकेजमध्येच बांधून दिल्या. २०१६ च्या मेनीलिनक्स मानकामुळे व्हील्स, म्हणजे आधीच कंपाइल केलेली तयार पॅकेजेस, जुन्या लिनक्सवरही चालू लागली. सोय मोठी झाली, पण सर्वांसाठी बांधलेली एमपीआय त्या क्लस्टरचं वेगवान नेटवर्क ओळखेलच असं नाही. म्हणून हेंट विद्यापीठातलं ईझीबिल्ड आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतलं स्पॅक ही साधनं त्या यंत्रासाठीच सोर्सपासून बांधणी करतात. एमपीआयशी जोडलेलं पॅकेज असेल, तर ते क्लस्टरच्याच मॉड्यूलवर बांधावं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा प्रश्न सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आला नव्हता. प्रत्येक इम्पोर्टला पायथन शोधमार्गातले फोल्डर एकामागून एक तपासतं. एका लॅपटॉपवर हे जाणवत नाही. हजार प्रोसेस एकाच क्षणी सुरू झाल्या, की लस्टरसारख्या सामायिक फाइल सिस्टिमच्या मेटाडेटा सर्व्हरवर (कोणती फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर) लाखो लहान विनंत्या आदळतात आणि शेजाऱ्यांचे जॉबही मंदावतात. कोंडाच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये हजारो फाइल्स सहज असतात, होममधला फाइल-कोटा तिथेच संपतो. कॅनडाच्या राष्ट्रीय क्लस्टर्सवर यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट जॉबच्या आतच, नोडच्या स्थानिक डिस्कवर उभारायला सांगतात. व्हील्स क्लस्टरवरच साठवलेली असतात, त्यामुळे कंप्युट नोडला इंटरनेट लागत नाही.

प्रोग्रॅम त्याच्या एन्व्हायर्नमेंटसकट एका कंटेनरमध्ये बंद करून देणारं डॉकर २०१३ मध्ये आलं, पण त्याच्या डीमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) रूट अधिकार लागत असल्याने सामायिक यंत्रांवर त्याला मज्जाव राहिला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेगरी कुर्ट्झर यांनी सुरू केलेल्या सिंग्युलॅरिटी या कंटेनर-साधनाने ही अडचण सोडवली. २०२१ मध्ये तो प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याचं नाव अॅपटेनर झालं. त्यात अख्खं एन्व्हायर्नमेंट एकाच फाइलमध्ये मावतं, त्यामुळे मेटाडेटा सर्व्हरवरचा ताणही उतरतो.