बे-लीफ: खुंट्यांवर उभं असलेलं शेतघर

बे-लीफ मूळचं इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोन गावचं. १९६०च्या दशकाअखेरीस बाउ बीच जलाशयासाठी ती जागा गेली, तेव्हा घर सुटं करून पश्चिम ससेक्समधल्या सिंगलटनच्या खुल्या संग्रहालयात परत उभारलं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं घर असं हलवता आलं, कारण ते मुळातच लाकडाचे सुटे भाग जोडून उभं केलेलं होतं.

सुतार ओला, म्हणजे नुकता तोडलेला ओक वापरत. वाळलेला ओक हत्यारांना दाद देत नाही. सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरायचे, मग सुटा करून जागेवर नेऊन उभा करायचा. एका लाकडाच्या टोकाला काढलेलं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसे. कुसवातलं भोक खाचेच्या भोकाशी तंतोतंत जुळवत नसत, ते काही मिलिमीटर आत पाडत. ओकची निमुळती खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. खांब बुंध्याची बाजू वर करून लावत. त्या रुंद डोक्यावर दोन तुळया मावतात.

मधलं दालन थेट छपरापर्यंत उघडं. चूल जमिनीच्या मध्यावर, धुराडं नाही. धूर छपरातून आणि बिनकाचेच्या खिडक्यांतून जाई. सोळाव्या शतकात अशा बहुतेक घरांत धुराडं आलं आणि मधे माळा पडला. म्हणून आज एखाद्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर काजळीने काळे झालेले वासे दिसले, तर खाली एकेकाळी उघडं दालन होतं हे समजावं. बे-लीफचा मालकाच्या खोल्यांचा भाग मात्र सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, मूळ दालनानंतरचा.

खांबांमधल्या भिंती म्हणजे कूडच: ओकचे दांडे, त्यात विणलेल्या हेझल या झुडपाच्या लवचीक काठ्या, दोन्ही बाजूंनी चिकणमाती, पेंढा आणि शेण, वरून चुन्याचा हात. काळीकुळकुळीत लाकडं आणि पांढऱ्या भिंती ही बरीचशी एकोणिसाव्या शतकातली हौस. रंग न लावलेला ओक चंदेरी-करडा पडतो.

अशा घरांचं खरं नुकसान केलं सिमेंटच्या गिलाव्याने. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, सिमेंट हलत नाही. दोहोंच्या कडेला केसाएवढी भेग पडते, पाऊस आत शिरतो आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. आधी जोत्यावरची तळतुळई कुजते, मग ओल्या ओकमध्ये भुंगेरा शिरतो. त्यामुळे दुरुस्ती सिमेंट खरवडण्यापासून सुरू होते. कुजका भाग तेवढा कापून तिथे नवा ओक तिरक्या सांध्याने जोडतात आणि गिलावा पुन्हा चुन्याचाच करतात.