सोल्डरिंगचा धूर शिशाचा नसतो!

लेडवालं, म्हणजे शिसं असलेलं सोल्डर (जोड द्यायला वितळवतो ती धातूची तार) वापरलं की शिशाचा धूर छातीत जातो, म्हणून लेड-फ्रीच घ्या, हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते चुकीचं आहे. शिसं उकळतं सुमारे १७५० डिग्रीला, आपली सोल्डरिंगची इस्त्री असते साडेतीनशेच्या आसपास, मग त्याची वाफ होणार कशी? तो पांढरा धूर तारेच्या पोटातल्या फ्लक्सचा (जोड नीट बसावा म्हणून धातू साफ करणारा पदार्थ), म्हणजे बहुतेकदा रोझिनचा (झाडाच्या राळेचा), आणि तो लेड-फ्रीमध्येही निघतोच, उलट तिथे फ्लक्स बऱ्याचदा जास्त तिखट असतो. दम्यालाही तोच कारण ठरू शकतो, त्यामुळे दोन्ही सोल्डरना पंखा हवाच.

शिसं पोटात जातं ते हातावाटे, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवा, तार दातात धरू नका, टेबलावर खाणंपिणं नको.

शिकताना मी तरी ६३/३७ च (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सांगेन. ते १८३ डिग्रीला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, ६०/४० मात्र मध्ये थोडा वेळ लगद्यासारखं राहतं आणि तेवढ्यात पार्टचा पाय हलला की जॉइंट खरखरीत, कच्चा. नेहमीच्या लेड-फ्रीला २१७ च्या पुढे जावं लागतं. विकायच्या वस्तूसाठी नियम लेड-फ्री मागत असतील तर गोष्ट वेगळी. आणि नळवाल्यांचं ॲसिड फ्लक्स बोर्डावर अजिबात नको, तांब्याचे ट्रॅक खातं ते.