गाडी उचलताना मागील चाके का उडतात?

पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) चालणाऱ्या पिकअप, जीप व लहान ट्रकच्या मालकांसाठी माहितीपत्रक

चढावर रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये जोरात उचलली, किंवा काळ्या रानात रुतलेली गाडी रेस देऊन काढताना टायरला अचानक कडक जमीन लागली, की मागील चाके धडधड आपटू लागतात. औट्रम घाट चढून कन्नडकडे रिकामे परतणारे आणि सोयाबीनच्या हंगामात शेतातून माल काढणारे अनेक ग्राहक ही तक्रार आणतात व उपायही ठरवूनच येतात: एक पाटा वाढवून द्या. आम्ही तो आधी वाढवत नाही.

चाकाला पुढे फिरवणारा जोर अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) उलट दिशेने पिळतो. त्यामुळे पिनियनचे (अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाचे) तोंड वर उचलले जाते आणि पाटा पुढच्या भागात वर, मागच्या भागात खाली असा नागमोडी वाकतो. टायरची पकड सुटताच हा पीळ एकदम उलगडतो, चाक जमिनीवर आदळते, पुन्हा पकड मिळते आणि सेकंदाला अनेकदा हेच घडत राहते. या हिसक्यांनी क्रॉस (शाफ्टचे सांधे), प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा) आणि क्राउन-पिनियन यांचे जे नुकसान होते, ते पाट्याच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.

म्हणून प्रथम ढिलेपणा शोधावा: सैल यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे), झिजलेले बुश व शॅकल (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा), तुटलेला सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा), तडा गेलेला पाटा आणि निकामी शॉकअब्सॉर्बर. टायरमधील हवाही कंपनीने सांगितल्याप्रमाणेच असावी. पाटा वाढवल्याने पीळ थोडा कमी होतो खरा, पण रिकामी गाडी अधिक उसळते आणि उसळणारे चाक पकड लवकर सोडते. गाडी उंच करण्यासाठी पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे बसवले असल्यास ते काढावेत, कारण त्यांमुळे पिळणाऱ्या जोराला लांब तरफ मिळते.

एवढ्यानेही फरक न पडल्यास अ‍ॅक्सल ते चासी असा ट्रॅक्शन बार (पीळ रोखणारा दांडा) लावता येतो. मात्र त्याची लांबी व सांधे चुकले तर पाट्यांची हालचाल अडते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनातील बदलांवर बंधने असल्याने परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

चाके उडू लागताच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा. रेस धरून ठेवू नये.

यू-बोल्ट बदलल्यास, गाडीचा भार चाकांवर असतानाच ते ठरलेल्या टॉर्कने आवळले जातात. काही दिवसांच्या वापराने पाटे एकमेकांवर बसून बोल्ट सैल होऊ शकतात; त्यामुळे गाडी पुन्हा आवळून घेण्यासाठी अवश्य आणावी.