मणक्यातील गादी सरकणे (लहान कुत्र्यांतील)

मणक्यातील गादी सरकणे : दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) कठीण होऊन फुटते आणि तिचा आतला भाग मज्जारज्जूवर दाबला जातो, अशा विकाराला हे नाव आहे. आखूड पायांच्या आणि ठेंगण्या बांध्याच्या कुत्र्यांत पाठीचा हाच विकार सर्वाधिक आढळतो. डॅशहुंड हे त्याचे ठळक उदाहरण. या जातीतील साधारण चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी त्याचा त्रास होतो. पेकिंगीज, शिट्झू, ल्हासा अॅप्सो, बीगल, कॉकर स्पॅनियल, फ्रेंच बुलडॉग यांच्यातही तो वरचेवर दिसतो. पहिला झटका बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात, म्हणजे ऐन उमेदीत येतो.

‘सोफ्यावरून उडी मारली आणि मागचे पाय गेले’ असे दवाखान्यात नेहमी ऐकू येते. मालकाच्या मनात अपराधीपणा घर करून बसतो. वस्तुतः उडी हे शेवटचे निमित्त असते, गादी त्याआधी काही वर्षांपासून बिघडत आलेली असते. निरोगी गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा असतो आणि भोवती चिवट तंतूंचे कडे. आखूड पायांच्या जातींत हा गाभा वयाच्या पहिल्या वर्षातच बदलू लागतो. त्यातले पाणी कमी होते, त्याच्या जागी कूर्चेसारखी ऊती येते आणि पुढे त्यात कॅल्शियम साठते. कडक झालेला गाभा दाब वाटून घेऊ शकत नाही. सगळा ताण कड्यावर येतो आणि एक दिवस ते वरच्या बाजूला, म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूला फाटते. शस्त्रक्रियेत बाहेर निघणारा हा ऐवज चुरलेल्या पनीरसारखा दिसतो. स्वीडिश पशुवैद्य हान्सेन यांनी १९५२ मध्ये या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. गाभा फुटून बाहेर येतो तो पहिला प्रकार आणि कडे हळूहळू फुगत जाते तो दुसरा, ही त्यांची विभागणी आजही वापरात आहे. दुसरा प्रकार मुख्यतः मोठ्या जातींच्या वयस्क कुत्र्यांत दिसतो.

यामागचे आनुवंशिक कारण अलीकडे उलगडले. एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत अठराव्या गुणसूत्रावर आढळते आणि तिच्यामुळे पाय आखूड होतात, हे २००९ मध्ये दाखवले गेले. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना अशीच दुसरी प्रत बाराव्या गुणसूत्रावर सापडली. तीही पायांची उंची कमी करते आणि गादी अकाली म्हातारी होण्याशी तिचा थेट संबंध आहे. जर्मनीत बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी बुटकी कुत्री निवडून वाढवली गेली, त्या निवडीसोबत पाठीचा हा दोषही पिढ्यानपिढ्या उतरत आला. शिकारीची गरज संपल्यावरही प्रदर्शनांसाठी आणि हौसेसाठी अधिक लांब, अधिक बुटके कुत्रे पसंत केले गेले. हे योग्य झाले नाही, असेच म्हणावे लागते : उंचीच्या मानाने पाठ जितकी लांब तितका धोका जास्त, हे पाहणीत दिसून आले आहे.

कुत्र्याच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १३ आणि कमरेचे ७ मणके असतात. गादी कोठेही फुटू शकते, पण बहुतेक वेळा ती छातीचा शेवट आणि कमरेची सुरुवात यांच्या सांध्याजवळ फुटते. छातीच्या पुढच्या, म्हणजे मानेकडच्या भागात समोरासमोरच्या बरगड्यांची टोके जोडणारा एक अस्थिबंध गादीच्या वरून आडवा जातो आणि तिला आवरून धरतो, म्हणून तिथे हा विकार विरळा. मानेतली गादी फुटली तर लकव्यापेक्षा वेदना जास्त असतात. कुत्रे मान खाली घालून ताठ उभे राहते, वर बघायचे झाले तर फक्त डोळे वळवते आणि जमिनीवरच्या ताटलीतले खायलाही कां-कू करते.

पाठदुखीची सुरुवात ओळखण्यात फार गफलत होते. कुत्रे पाठ कमानीसारखी करून बसते, थरथरते, पायऱ्या चढायला नकार देते, उचलताना किंचाळते. पोटाला हात लावला तर ते कडक लागते, म्हणून घरी ‘गॅस झाला असेल’ म्हणतात, कधी जंताचे औषधही देतात. यातच मोलाचे दोन-तीन दिवस जातात. पुढच्या टप्प्यावर चाल झुलते, मागचे पाय एकमेकांत अडकतात, फरशीवर नखे घासल्याचा आवाज येतो. अशा वेळी एक साधी तपासणी पशुवैद्य करतात. कुत्र्याला पोटाखाली आधार देऊन उभे करायचे आणि मागचे एक पाऊल उलटे, म्हणजे पंजाची वरची बाजू जमिनीला टेकेल असे ठेवायचे. निरोगी कुत्रे ते क्षणात सरळ करते. मज्जारज्जूवर दाब असेल तर पाऊल तसेच उलटे राहते, आपला पंजा कसा टेकला आहे याची त्याला खबरच नसते.

आजाराच्या पाच पायऱ्या मानतात : नुसती वेदना, लटपटत का होईना चालणे, पाय हलतात पण उभे राहता येत नाही, पाय पूर्ण लुळे पण खोल वेदना (हाड दाबल्यावर जाणवणारी) शाबूत, आणि खोल वेदनाही गेलेली. शेवटच्या दोन पायऱ्यांतला फरक कुत्र्याचे भवितव्य ठरवतो. त्यासाठी बोटाचे हाड चिमट्याने दाबून पाहतात. इथे मालकांची हमखास दिशाभूल होते. चिमटा काढताच पाय मागे ओढला गेला की ‘त्याला कळतंय’ म्हणून आनंद होतो. पण पाय आखडणे ही कमरेतल्या मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला मेंदूची गरज नसते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, केकाटले किंवा चावायला तोंड फिरवले तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे धरायचे. खोल वेदना शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहांतली सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती गेल्यावर हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून थोडे वर उरते. शस्त्रक्रिया न करता अशी कुत्री चालू लागणे क्वचितच घडते. त्यांपैकी सुमारे दहांत एकाचा मज्जारज्जू पुढच्या काही दिवसांत मानेच्या दिशेने विरघळत जातो. त्यावर इलाज नाही. म्हणून पाय अचानक लुळे पडले तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साध्या क्ष-किरण चित्रात कॅल्शियम साठलेल्या गाद्या दिसतात, पण मज्जारज्जूवरचा दाब दिसत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. शस्त्रक्रियेत मणक्याच्या एका बाजूची कमान कापून फुटलेला ऐवज काढतात; मानेत खालच्या बाजूने, गळ्याकडून जातात. पूर्वी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देण्याची पद्धत होती, परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लुळ्या पडलेल्या कुत्र्यांना त्याचा फायदा दिसला नाही.

चालता येत असलेल्या कुत्र्यावर बहुधा आधी विश्रांतीचा उपचार होतो. विश्रांती म्हणजे किमान चार आठवडे लहान पिंजऱ्यात किंवा क्रेटमध्ये ठेवणे. शी-शूसाठी बाहेर काढायचे तेवढेच, तेही पोटाखाली पट्ट्याचा आधार देऊन. औषधाने चौथ्या दिवशी वेदना थांबते, कुत्रे शेपूट हलवत दाराशी येते आणि घरातल्यांचा जीव वितळतो. नेमक्या याच वेळी त्याला मोकळे सोडले जाते आणि अर्धवट भरलेले कडे पुन्हा फाटते. या दिवसांत मन घट्ट करण्यातच कुत्र्यावरची माया आहे. तेल लावून पाठ रगडणे तर कटाक्षाने टाळावे. माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरतात. (गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांच्या औषधांतल्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे, घरातल्या डब्यातली गोळी मात्र सहज हाती लागते.) दाह कमी करणारी दोन औषधे, विशेषतः एखादे वेदनाशामक आणि स्टिरॉइड, एकत्र दिल्यास आतड्यात व्रण पडून जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी काय दिले हे पशुवैद्याला न लपवता सांगावे.

पाय लुळे झालेल्या कुत्र्याची खरी कसोटी मूत्राशयाची असते. ते स्वतःहून रिकामे होत नाही. तुंबलेली लघवी थेंबथेंब गळते आणि ‘लघवी होतेय’ असा गैरसमज होतो. दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळहातांनी हलका, सलग दाब देऊन ती काढावी लागते. हे पशुवैद्याच्या हाताखाली एकदा नीट शिकून घेतले की जमते. अंथरूण कोरडे ठेवणे, कूस बदलणे आणि सांध्यांची हालचाल करून देणे हेही रोजचेच. काही कुत्री दोन चाकांच्या गाडीवर पुढची अनेक वर्षे मजेत काढतात.

लहान कुत्र्यांची प्रत्येक पाठदुखी गादीचीच असते असे नाही. पग आणि फ्रेंच बुलडॉगमध्ये शेपटीला पीळ पाडणारा मणक्यांचा जन्मजात वाकडेपणा पाठीतही असू शकतो. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर यांच्यात मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात आणि तरुण वयातच त्रास सुरू होतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या होऊ शकतात. पेंब्रोक कॉर्गीचे मागचे पाय म्हातारपणी हळूहळू, न दुखता लुळे पडत असतील तर मज्जारज्जूच्या ऱ्हासाचा संशय घ्यावा.

गादीचा मूळ दोष घरच्या काळजीने जात नाही, मात्र झटक्याची शक्यता कमी करता येते. सर्वांत महत्त्वाचे वजन. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. चहात बुडवलेले बिस्कीट आणि उरलेली पोळी लहान कुत्र्याच्या अंगावर फार लवकर दिसते. गुळगुळीत टाइल्सवर न सरकणाऱ्या रबरी चटया टाकाव्यात आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरावा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि पाठ आडवी. पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचलण्याची मुलांची सवय मोडावी. चालणे बंद करू नये, स्नायूंना त्याची गरज असते.

पैदाशीच्या बाजूने पाहता, बाराव्या गुणसूत्रावरची प्रत जवळपास सर्वच डॅशहुंडांत असल्याने निव्वळ जनुकचाचणीवर त्यांची निवड करता येत नाही. त्यामुळे डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड या देशांत दोन ते चार वर्षांच्या कुत्र्यांच्या पाठीचे क्ष-किरण चित्र काढून कॅल्शियम साठलेल्या गाद्या मोजतात आणि ज्यांच्यात त्या कमी, त्यांनाच पैदाशीसाठी पुढे आणतात. अशी चित्रे जिथे मिळत नाहीत तिथे पिल्लू घेणाऱ्याने आईवडिलांचे वय विचारावे. दीड वर्षाच्या जोडीला पाठीचा त्रास नाही यातून काहीच कळत नाही, कारण त्यांची झटक्याची वर्षे अजून यायची असतात. सहा-सात वर्षांचे होऊनही तडफेने धावणारे आजी-आजोबा किंवा आईवडील असलेले पिल्लू निवडणे अधिक शहाणपणाचे.